रेड झोन, घनमूळ आणि सही

पिंपरी-चिंचवडच्या तळवडे, रुपीनगर, यमुनानगर या भागांत घर किंवा प्लॉट घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो असा: "रेड झोनमध्ये येतं का, ते आधी बघ." देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती २००० यार्डांचा, म्हणजे साधारण १.८३ किलोमीटरचा पट्टा १९०३ च्या 'वर्क्स ऑफ डिफेन्स' कायद्याखाली बांधकामाला बंद आहे. बँक कर्ज देत नाही, महापालिका नकाशा मंजूर करत नाही. हद्द कमी करा म्हणून मोर्चे निघतात, निवडणुकीत आश्वासनं मिळतात. ज्याचं घर त्या पट्ट्यात अडकलंय त्याचा राग समजण्यासारखा आहे. पण असली हद्द मुळात कोणत्या हिशोबाने आखतात, हे फारसं कुणी समजावून सांगत नाही.

लष्करी कामातल्या सुरक्षिततेचं मर्म त्याच हिशोबात आहे. "लष्कराचं काम धोक्याचंच असतं" हे वाक्य खरं आहे, आणि निरुपयोगीही. काम धोक्याचं आहे म्हणूनच दोन गोष्टी आधी कागदावर याव्या लागतात. विपरीत घडलंच तर कोण माणूस किती लांब असेल, ही पहिली. आणि एवढा धोका पत्करायला हरकत नाही, असं कोणत्या हुद्द्याच्या माणसाने सही करून लिहून दिलंय, ही दुसरी. बाकीचे नियम, बोर्ड, रजिस्टरं या दोहोंपैकी कशाच्या तरी पोटात बसतात.

आधी अंतराचं बघू, कारण तिथे आकडे आहेत.

स्फोटकांच्या कोठारात किती टन माल आहे याला महत्त्व नाही, त्यात निव्वळ स्फोटक किती याला आहे. १०५ मिलिमीटर तोफेचा गोळा १५ किलोच्या आसपास भरतो, पण त्यात स्फोटक साधारण २ किलोच असतं. बाकी लोखंड. असे ४०० गोळे म्हणजे वजनाने ६ टन, पण हिशोबात ८०० किलो. सोबत तोफेची प्रोपेलंट, म्हणजे गोळा ढकलणारी दारू असेल, तर ती वेगळी धरायची. हा निव्वळ आकडा किलोमध्ये घ्यायचा, त्याचं घनमूळ काढायचं आणि एका ठरावीक गुणकाने गुणायचं. आलेलं उत्तर म्हणजे मीटरमध्ये अंतर.

घनमूळच का? स्फोटाची ताकद चहूबाजूंना, म्हणजे लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही दिशांना पसरते. त्यामुळे माल आठपट केला तर तोच धक्का आठपट लांब जात नाही, दुप्पट लांब जातो. नाटो देशांच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या मार्गदर्शक नियमांत राहत्या घरांसाठी गुणक २२.२ आहे. कोठारात ८,००० किलो स्फोटक असेल तर घनमूळ २०, म्हणून घर ४४४ मीटरवर. ६४,००० किलो असेल तर घनमूळ ४०, म्हणून ८८८ मीटर. माल अगदी कमी असला तरी अंतर एका मर्यादेखाली आणता येत नाही, कारण उडणारे तुकडे घनमूळ मानत नाहीत. त्यांच्यासाठी घरांच्या बाबतीत साधारणपणे किमान ४०० मीटरची अट असते. भारतात संरक्षण खात्याची स्टेक नावाची समिती स्फोटकांच्या साठवणुकीचे आणि वाहतुकीचे नियम ठरवते. तपशिलात फरक असतात, तर्क हाच.

आता गंमत बघा. रहदारीच्या रस्त्यासाठी गुणक २२.२ नाही, १४.८ आहे. म्हणजे त्याच ८,००० किलोंपासून रस्ता २९६ मीटरवर चालतो. दारूगोळ्याचंच काम चालतं त्या शेजारच्या इमारतीसाठी गुणक ८, म्हणजे १६० मीटर. आणि मातीने झाकलेल्या दोन कोठारांच्या बाजू एकमेकींकडे असतील, तर गुणक ०.५ वर येतो: फक्त १० मीटर. एकाच स्फोटाला चार वेगवेगळी अंतरं.

याचं कारण असं की प्रत्येक अंतरामागे 'कुणाला किती इजा चालेल' हा निर्णय दडलेला आहे. घरात माणसं दिवसरात्र असतात, म्हातारी-लेकरं असतात, आणि त्यांनी हा धोका मागितलेला नाही. रस्त्यावरचा माणूस मिनिटभरात निघून जातो. शेजारच्या शेडमधला कामगार प्रशिक्षित आहे, त्याला काय आहे ते ठाऊक आहे, त्याच्याविना काम होत नाही. आणि शेजारच्या कोठाराकडून अपेक्षा एवढीच की त्याने लगोलग पेट घेऊ नये. ते कोसळलं, आतला माल वाया गेला, तरी चालेल.

४४४ मीटरवरच्या घराला काहीच होणार नाही, असंही कुणी म्हटलेलं नाही. त्या अंतरावर धक्क्याचा दाब ५ किलोपास्कलच्या आसपास येतो. काचा फुटतील, कौलं सरकतील, दरवाजे चौकटीतून निघतील, पण भिंती सहसा उभ्या राहतात. हे 'सुरक्षित अंतर' नव्हे, हे 'पत्करलेलं अंतर'. रेड झोनच्या वादात दोन्ही बाजू हा फरक विसरतात. रहिवासी म्हणतात, इतकी वर्षं काही झालं नाही. लष्कर म्हणतं, नियम आहे. खरं उत्तर मधे आहे: इतक्या अंतरावर इतकं नुकसान मान्य करायचं, असं कुणीतरी ठरवलेलं असतं. अंतर घटवायचं तर तेवढ्याच माणसांनी जास्त नुकसान मान्य करायचं, नाहीतर कोठारातला माल कमी करायचा. तिसरा मार्ग भिंत-बांध घालण्याचा, पण त्याची मर्यादा ओळखून. कोठाराभोवतीचा मातीचा बांध जमिनीलगत वेगाने येणारे तुकडे अडवतो. स्फोटाचा दाब त्याच्या माथ्यावरून वळून पुढे जातोच.

कोठारावरची माती मात्र वेगळ्या कामाची. किमान ६० सेंटिमीटर जाड थर लागतो, आणि पावसाळ्यागणिक तो धुपतो. उतारावर उंदीर-घुशींनी बिळं केली, गुरांनी पायवाट पाडली, तर थर ४० सेंटिमीटरवर येतो आणि १० मीटरचा सगळा हिशोब मोडतो. दारावरच्या पाटीवरचा आकडा तोच राहतो.

काय कशाबरोबर ठेवायचं, याचंही व्याकरण आहे. जगभर स्फोटकांचे सहा विभाग मानतात. १.१ म्हणजे सगळा साठा एका झटक्यात उडणारा. १.२ म्हणजे तुकडे फेकणारा, पण सगळा एकदम न उडणारा. १.३ म्हणजे प्रचंड आगीचा, १.४ म्हणजे फारसा धोका नसलेला. १.५ आणि १.६ हे अतिशय मंद स्वभावाचे प्रकार. त्याशिवाय प्रत्येक वस्तूला रोमन अक्षराचा गट मिळतो, कुणाचं कुणाशी जमतं ते कळावं म्हणून. डिटोनेटर बी गटात, टीएनटीसारखी मुख्य स्फोटकं डी गटात, पांढरा फॉस्फरस एच गटात. बी आणि डी एका छताखाली ठेवत नाहीत. डिटोनेटरचा स्वभाव चिडका, टीएनटीचा थंड. दोघं शेजारी बसले की थंड माणसाचा चिडका व्हायला वेळ लागत नाही.

मुंबईच्या नौदल गोदीत १४ ऑगस्ट २०१३ रोजी आयएनएस सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले आणि १८ जण गेले. नंतर कॅगच्या अहवालात चौकशी मंडळाचं म्हणणं आलं. खलाशांच्या थकव्याचा नीट अंदाज घेतला गेला नव्हता, आणि पाणबुडीवर मिश्र दारूगोळा होता, तोही मुदत संपत आलेला. थकवा, मिश्रण, जुनेपणा. यांतली एकेक गोष्ट सुटी पाहिली तर रोजचीच वाटते.

चार तत्त्वं, पाच पायऱ्या

अंतराची बाजू गणिताची. सहीची बाजू पद्धतीची, आणि ती सर्वांत नेटकी मांडली अमेरिकी लष्कराने. १९९८ साली त्यांनी जोखीम-व्यवस्थापनाची स्वतंत्र नियमपुस्तिका काढली, पुढे २००६ आणि २०१४ मध्ये ती नव्याने लिहिली. आज अनेक सेनांच्या पद्धती याच घाटाच्या आहेत.

तत्त्वं चार. धोक्याचा विचार कामाच्या नियोजनातच मिसळलेला हवा, शेवटी चिकटवलेला नको. धोका पत्करायचा निर्णय योग्य पातळीवर व्हावा. विनाकारण धोका पत्करू नये. आणि हे चक्र अखंड चालू राहावं. तिसरं तत्त्व वाचायला सोपं आणि पाळायला सर्वांत अवघड. 'विनाकारण' म्हणजे काय? ज्या धोक्यातून कामाला काहीच मिळत नाही तो. ट्रक दुपारी २ ऐवजी सकाळी ७ वाजता रिकामा केला तरी काम तेवढंच होणार असेल, तर दुपारच्या ४४ अंशांतला धोका विनाकारणचा. "आमच्या वेळी आम्ही दुपारीच करायचो" हे कारण होत नाही.

पायऱ्या पाच: धोके ओळखा, त्यांचं माप काढा, उपाय आखून निर्णय घ्या, उपाय अमलात आणा, आणि देखरेख ठेवून पुन्हा तपासा. ऐकायला हे कुठल्याही कारखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यासारखं वाटतं. फरक पडतो तो भरण्यात. म्हणून एक साधं काम घेऊ: ४०० गोळ्यांचा ट्रक कोठारापाशी रिकामा करायचा आहे.

पहिल्या पायरीवर नवखा अधिकारी लिहितो, "आग लागण्याचा धोका." हा धोका नव्हे, ही भीती. धोका असा लिहितात: "माल उतरवायच्या धक्क्याशेजारी गुडघाभर वाळलेलं गवत, ट्रकचा सायलेन्सर त्याच बाजूला, वेळ दुपारची." असं लिहिलं की उपाय त्याच वाक्यात दिसायला लागतो. तसंच "इजा होण्याची शक्यता" असं न लिहिता "सहा जणांच्या टोळीत दोघं नवे, पेटी दोघांनी उचलायची, धक्का आणि हौदा यांत अर्ध्या फुटाचा फरक" असं लिहायचं. अनुभवी सुभेदाराची यादी लांब नसते, बारीक असते.

दुसऱ्या पायरीवर तक्ता येतो. एका बाजूला शक्यतेच्या पाच पायऱ्या: वारंवार, संभवनीय, अधूनमधून, क्वचित, जवळपास नाहीच. दुसऱ्या बाजूला परिणामाच्या चार: सर्वनाशी, गंभीर, मध्यम, किरकोळ. जिथे रेषा छेदतात तिथे धोक्याची पातळी मिळते: अतितीव्र, तीव्र, मध्यम किंवा कमी. सर्वनाशी परिणाम 'क्वचित' असला तरी तक्ता त्याला 'तीव्र'च म्हणतो. 'जवळपास नाहीच' असला तरी 'मध्यम', 'कमी' कधीच नाही. उलट किरकोळ परिणाम वारंवार होत असला तरी तो 'मध्यम'च्या वर जात नाही. म्हणजे हा तक्ता मुद्दाम एका बाजूला झुकलेला आहे. बोटं चेंगरणं रोज घडतं म्हणून त्यावर बैठका होतात, आणि कोठार उडणं कधी घडलेलं नसतं म्हणून ते विषयपत्रिकेत शेवटी जातं. तक्ता हा मानवी कल उलटा फिरवतो.

तिसऱ्या पायरीवरच लबाडी शिरते. उपाय लिहायचे, आणि उपायांनंतर उरलेला धोका पुन्हा मापायचा. सहीला लागतो तो हा उरलेला धोका. 'तीव्र' उरला तर सही वरच्या साहेबाची, 'मध्यम' उरला तर जवळच्या. साहजिकच खालच्या टेबलावर मोह होतो की दोन ओळी घालाव्यात, "जवानांना समज दिली, सावधगिरी बाळगण्यात येईल", आणि तीव्रचा मध्यम करावा. कागद खालीच मिटतो, वर जात नाही.

हा कागद तपासणाऱ्याने एकच गोष्ट बघावी: उपाय शक्यता कमी करतो की परिणाम? समज देणं, बोर्ड लावणं, सुपरवायझर उभा करणं यांनी जमलंच तर शक्यता घटते. परिणाम रेसभरही हलत नाही. परिणाम कमी करणाऱ्या गोष्टी मोजक्याच. माल कमी, माणसं कमी, अंतर जास्त, मधे आडोसा. ज्या कागदावर 'सर्वनाशी'चं 'गंभीर' झालंय आणि या चौघांपैकी एकही उपाय लिहिलेला नाही, तो कागद परत पाठवावा. म्हणूनच दारूगोळ्याच्या प्रत्येक शेडच्या दारावर दोन आकडे रंगवलेले असतात, आत किती किलोपर्यंत स्फोटक आणि किती माणसं. आतला आकडा भरला की तपासायला आलेल्या साहेबालाही एक माणूस बाहेर काढूनच आत जावं लागतं. हा नियम ज्या दिवशी कर्नलला लागू होत नाही, त्या दिवशी तो हवालदारालाही लागू राहत नाही.

आपल्या ट्रकसाठी उपाय मग असे उतरतात. वेळ सकाळची. धक्क्याभोवतीचं गवत आदल्या दिवशी कापून उचललेलं, नुसतं कापून ठेवलेलं नाही. एक्झॉस्टवर ठिणगीरोधक जाळी, इंजिन बंद, चाकांना ठोकळे, तोंड बाहेर पडायच्या दिशेला. काडेपेट्या, लायटर, मोबाईल गेटवर जमा, आणि जमा घेणाऱ्याच्या रजिस्टरात नोंद. शेडचं दुसरं दार उघडं, कुलूप काढून बाजूला. एका वेळी हौद्यात दोघं, धक्क्यावर दोघं, बाकीचे बांधाच्या पलीकडे. वीज चमकली किंवा गडगडाट जवळ आला की काम थांबवून सगळे बाहेर. पेटी पडली तर ती उचलून थप्पीत लावायची नाही. बाजूला ठेवायची, खूण करायची, तज्ज्ञाला दाखवायची. प्रत्येक ओळीपुढे नाव लिहायचं. "गवत कापले जाईल" यात कर्ता नाही, आणि कर्ता नसलेलं काम सरकारी कागदावर जागच्या जागी सुकतं.

चार वाजून सहा मिनिटं

निर्णय योग्य पातळीवर व्हावा, या तत्त्वाची किंमत मुंबईने १४ एप्रिल १९४४ रोजी मोजली. फोर्ट स्टिकीन हे जहाज बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकला लागलं होतं. पोटात १,३९५ टन स्फोटकं, त्यांतली २३८ टन अति-संवेदनशील प्रकारची. कराचीला त्यात कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं आणि लाकूड यांची भर पडली. सोन्याच्या विटाही होत्या. १४ तारखेला दुपारी २ च्या सुमाराला दोन नंबरच्या फाळक्यात, म्हणजे माल भरायच्या कप्प्यात, आग असल्याचं लक्षात आलं. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, त्यानंतर अर्ध्या तासाच्या आसपास दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापकावर, १,७०० किलोमीटरवर, त्याची नोंद झाली. ६६ अग्निशामक जवान गेले. देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात, तो त्यांच्या आठवणीत.

आता हेच जहाज आपल्या हिशोबात घालून बघू. १,३९५ टन (ब्रिटिश टन, १,०१६ किलोचा) म्हणजे सुमारे १४ लाख १७ हजार किलो. सगळं निव्वळ स्फोटक धरलं तर घनमूळ ११२ च्या आसपास, घरांपासूनचं अंतर २.५ किलोमीटर. त्यात लोखंड होतं, म्हणून आकडा कमी करा, अर्धा माल धरा, तरी घनमूळामुळे अंतर २ किलोमीटरच्या जवळच राहतं. आणि मांडवी, मस्जिद बंदर तर हाकेच्या अंतरावर. हे जहाज गोदीत येऊन लागलं त्याच क्षणी अंतराची बाजू हरलेली होती. युद्धाच्या घाईत असा माल बाहेर बंदरात नांगरून उतरवण्याऐवजी आत घ्यायला सुरुवात झाली होती. घाई खरी होती. पण स्फोटकांच्या पोटात कापूस भरण्यातून युद्धाला काय मिळत होतं, हा तिसऱ्या तत्त्वाचा प्रश्न कराचीलाच विचारायला हवा होता. तक्त्यावर तो धोका 'क्वचित' आणि 'सर्वनाशी', म्हणजे 'तीव्र'. वरच्या सहीचा.

दुपारी २ ते ४ या दोन तासांत काय झालं ते जास्त शिकवणारं आहे. ९०० टनांहून अधिक पाणी फाळक्यात ओतलं गेलं. ओली कापसाची गाठ आतून धुमसत राहते. पाणी वाढलं तसा जळता कापूस तरंगत वर आला, आणि वरच्या कप्प्यात स्फोटकं होती. म्हणजे विझवण्याच्या उपायानेच आग स्फोटकांपाशी नेली. धक्क्यावर कॅप्टन होता, अग्निशमन दलाचे अधिकारी होते, लष्कराचा दारूगोळ्याचा जाणकार अधिकारी होता, गोदीचे प्रशासक होते. जहाज बुडवावं की बाहेर ओढावं, यावर बोलणी झाली. 'मी म्हणतो तसं करा' असं म्हणायचा हक्क आधी ठरवून कुणालाच दिलेला नव्हता. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लाल बावटा लावतात, तोही लागलेला नव्हता. आजूबाजूच्या जहाजांवर आणि धक्क्यांवर लोक उभे राहून धूर बघत होते.

चुकीचा निर्णय झाला असता तरी तो निर्णय असता. इथे चार शहाण्या माणसांमध्ये दोन तास वाटले गेले.

दारूगोळ्याच्या आगीचा पहिला नियम ऐकायला उरफाटा वाटतो: आग मालाला लागली असेल तर विझवायची नसते. गवताला, छपराला, रिकाम्या खोक्यांना लागली असेल तर जीव तोडून, पहिल्या मिनिटाला विझवायची. पण स्फोटकांच्या पेट्याच पेटल्या असतील आणि विभाग १.१ असेल, तर सगळ्यांनी मागे फिरायचं. हे अंधारात, धुरात, नव्या माणसालाही कळावं म्हणून कोठारावर नारिंगी रंगाच्या आकृत्या लावतात. अष्टकोनात १, फुलीत २, उलट्या त्रिकोणात ३, शंकरपाळ्यात ४. अष्टकोन दिसला की पळायचं, शंकरपाळं दिसलं तर लढायचं. अक्षर वाचता येण्याआधी आकार ओळखू येतो, म्हणून आकार.

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा डेपोत ३१ मे २०१६ च्या पहाटेच्या अंधारात आग लागली आणि दोन अधिकाऱ्यांसह १९ जण गेले. त्यांत बरेचसे आग विझवायला धावलेले होते. अशा वेळी धावणाऱ्याला दोष देणं हलकेपणाचं आहे, त्याचं शिक्षणच धावण्याचं असतं. म्हणून मागे फिरायचा हुकूम आगीच्या रात्री सुचायची वाट बघायची नसते. तो आदल्या वर्षी लिहून, सरावात घोटून, कोण देईल त्याच्या हुद्द्यासकट ठरलेला असावा लागतो.

विदर्भातला मे महिना हाही एक धोका म्हणून कागदावर यावा लागतो. टीएनटी ८० अंशांच्या जरा वर वितळतं, पण त्यात राहिलेल्या अशुद्ध घटकांचा वितळबिंदू बराच खाली असतो. पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यामागून उन्हाळे काढलेल्या सुरुंगातून किंवा गोळ्यातून तपकिरी, तेलकट घाम पाझरतो. तो लाकडात, भुश्शात मुरला की त्याचा स्वभाव मूळ टीएनटीपेक्षा चिडका होतो. असा ओघळ दिसला की फडक्याने पुसून पेटी परत थप्पीत लावायची नसते. पुसणं म्हणजे पुरावा मिटवणं.

प्रोपेलंटचं दुखणं निराळं. त्यातला मुख्य घटक, नायट्रोसेल्युलोज, आपोआप, संथ गतीने कुजतो. त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड कुजण्याचा वेग वाढवतात. ते शोषून घ्यायला त्यात डायफिनाइल अमाइनसारखं स्थिरक घालतात, साधारण टक्काभर. वर्षं जातात तसं ते संपत जातं. ०.२ टक्क्यांपर्यंत उतरलं की माल नष्ट करण्याच्या यादीत जातो, कारण त्यापुढे तो स्वतःच्या उष्णतेने पेट घेऊ शकतो. बाहेरून पेटी नवी कोरी दिसते. म्हणून नमुने काढून प्रयोगशाळेत पाठवायचं वेळापत्रक चुकलं, तर तो कागदी कामातला उशीर नसतो, आग पुढे ढकललेली असते.

जुना माल नष्ट करताना धोका संपतोय अशी भावना होते, आणि तिथेच हात सैल पडतो. पुलगावजवळच्या नष्टीकरणाच्या मैदानावर २० नोव्हेंबर २०१८ रोजी ६ जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले कंत्राटी मजूर होते. या कामातला सर्वांत साधा नियम थांबण्याचा आहे: लावलेला स्फोट झाला नाही तर ठरलेला वेळ, बहुतेक ठिकाणी किमान अर्धा तास, कुणीही जवळ जायचं नाही. मग एकट्याने जायचं, दुसऱ्याला मागे ठेवून. अर्धा तास उन्हात नुसतं बसून राहणं फार लांब वाटतं, विशेषतः संध्याकाळी परतीचा ट्रक उभा असताना.

आणि मजुराचं काय? तक्ता, अंतर, सही हे सगळं धरून चालतं की धोका पत्करणाऱ्याला तो कळलेला आहे. रोजंदारीवर आलेल्या माणसाच्या भाषेत, तो कामाला हात लावायच्या आधी, हातातल्या पेटीत काय आहे ते सांगितलेलं नसेल, तर गुणक ८ चा, म्हणजे जाणत्या कामगाराचा निकष त्याला लावता येत नाही. त्याला २२.२ चा लावावा लागेल, म्हणजे मैदानाच्या पार बाहेर.

पाचवी पायरी देखरेखीची. ती सर्वांत कमी लिहिली जाते, कारण तिच्यात लिहिण्यासारखं थोडंच असतं. सकाळी ७ वाजता सही झालेला कागद ७ च्या परिस्थितीचा असतो. ९ वाजता वारा फिरला, टोळीतला एक आजारी पडून बदली माणूस आला, दुसरा ट्रक आधीच येऊन रांगेत उभा राहिला, म्हणजे धक्क्यावरचं स्फोटक दुप्पट झालं. यांतलं काहीही घडलं की जुनी सही संपली. ट्रक रांगेतून मागे, गेटबाहेर पाठवायचा किंवा कागद पुन्हा वर न्यायचा. जिथे काम चांगलं चालतं तिथे कागदाच्या तळाशी एक ओळ छापलेलीच असते: कोणत्या बदलानंतर काम थांबवायचं, आणि 'थांबा' म्हणायचा अधिकार कुणाचा. तिथे हुद्दा लिहिलेला नसतो. 'जो बघेल तो' एवढंच लिहिलेलं असतं.